मुंढा आखूड झालाय: लसीच्या सुईनंतर आखडलेल्या एका खांद्याची केस

ही केस २०२१ ची, कोरोनाच्या लसीकरणाच्या काळातली. पेशंट असलेल्या मावशींना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे बारीक तपशील बदललेत, पण मापं, औषधं आणि काय कशानंतर झालं तो क्रम माझ्या वहीत आहे तसाच ठेवलाय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी छोटं क्लिनिक चालवते. लस घेतल्यावर हात दुखतो हे आता लहान पोराला पण माहितीये, आणि त्यामुळेच एक वेगळं दुखणं त्यात लपून जातं. दोन महिने लपून राहिलं तर काय होतं ते मी या केसमध्ये जवळून बघितलं, म्हणून सगळं सविस्तर लिहावंसं वाटलं.

१० जून २०२१, गुरुवार. तीनच दिवसांपूर्वी कोरोनाचे निर्बंध सैल करणारं लेव्हलवालं अनलॉक सुरू झालं होतं आणि दीड महिन्यानंतर क्लिनिकमधे माणसं यायला लागली होती. मावशी ५३ वर्षांच्या, वजन ४७ किलो, बारीक चणीच्या, हाताचे दंड अगदी सडपातळ. शिवणकाम करतात, घरातच पुढच्या खोलीत मशीन, गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज त्यांच्याकडे. आठ वर्षांपासून शुगर. आत आल्या तेव्हा उजव्या हाताने डावा कोपर पोटाशी धरलेला, पदराला पिन सुनेने लावून दिलेली, आणि केस मोकळे नुसते रबर बँडमधे अडकवलेले, कारण अंबाडा घालायला दोन्ही हात डोक्यामागे न्यावे लागतात आणि ते त्यांना दोन महिने जमलेलं नव्हतं. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, लस घेतली आणि हात गेला माझा."

त्यांनी सांगितलेलं असं. ५ एप्रिलला कोविशील्डचा पहिला डोस घेतला, डाव्या हातावर. एक एप्रिलपासून ४५ वरच्या सगळ्यांना सुरू झालं होतं, केंद्रावर गर्दी म्हणजे गर्दी, रांग पार गेटच्या बाहेर. त्याच संध्याकाळी खांदा ठणकायला लागला, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. घरात सुनेचाही डोस त्याच दिवशी झालेला, ती आरोग्य खात्याच्या कामावर असल्यामुळे तिचा दुसरा होता, तिचा हात दुखला आणि तिसऱ्या दिवशी थांबला. यांचा थांबेना. आठवड्याने केंद्रावर फोन केला तर "होतं असं, पॅरासिटामॉल घ्या." दुसऱ्यांदा केला तर तेच. मग लॉकडाऊन लागला, दवाखान्यात जायचं म्हणजे कोरोना घरी आणायचा अशी सगळ्यांची भीती, त्यामुळे पॅरासिटामॉल आणि वरून घरचे उपाय सुरू, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक, कोमट तिळाचं तेल, आणि एका शेजारणीच्या ओळखीतल्या माणसाकडून खांदा चोळून घेतला त्याने तर दोन रात्री रडत काढल्या. शेवटी हात हलवायचाच नाही असं ठरवून ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवला. म्हणजे सुरुवातीला दुखतंय म्हणून हलवत नव्हत्या आणि मे महिन्यात लक्षात आलं की आता हलवायचा म्हटला तरी हलत नाही.

मी विचारलं, सुई नेमकी कुठे टोचली ते आठवतं का? लोकांना शक्यतो आठवत नाही, सगळे दंडाकडे मोघम हात दाखवतात. यांनी उजव्या हाताचं एक बोट ठेवलं, आणि ते ठेवलं खांद्याच्या टोकाच्या हाडाच्या जवळजवळ लगेच खाली. मी टेप लावला तर हाडाच्या कडेपासून दोन सेंटिमीटर. परत विचारलं, नक्की इथेच? तर म्हणाल्या, "अहो ब्लाऊजची बाही वर सरकंना. सिस्टरनी गळ्याकडनं ब्लाऊज खांद्यावरनं खाली ओढलं, तेवढ्या उघड्या भागात टोचलं. त्या उभ्या होत्या, मी बसलेले. काच असा लागला होता बाहीचा, मी शिवणारी बाई, माझ्या लक्षात राहणार नाही का?"

दोन महिन्यांनंतरच्या आठवणीवर सगळा डोलारा उभा करता येत नाही हे मला कळतं, आणि सुई तिथेच लागली याचा फोटो काही कोणाकडे नाही. पण त्यांनी जे वर्णन केलं ते इतकं नेमकं होतं की मी टेप खाली ठेवून दोन मिनिटं तशीच बसले. आपल्याकडे साडीवरच्या ब्लाऊजची बाही दंडाला घट्ट बसेल अशीच शिवतात, ती कोपराकडून वर गुंडाळायला गेलं तर मधेच अडकते. मग वेळ वाचवायला गळ्याकडून खाली ओढायचं. तसं ओढलं की जो भाग उघडा पडतो तो खांद्याचा सगळ्यात वरचा भाग, आणि सुई घेऊन उभं असलेल्या माणसाला बसलेल्या माणसाचा तोच भाग डोळ्यासमोर येतो. शर्ट घातलेल्या पुरुषांचंही वरचं बटण काढून असंच करतात.

आता खांद्याच्या आत काय असतं ते सांगते. डेल्टॉइड हा दंडाचा जाड स्नायू, लस त्यात जायला हवी, तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो आणि औषध पसरून जातं. या स्नायूच्या खाली, वरच्या बाजूला, बर्सा नावाची पातळ पिशवी असते, हाड आणि स्नायू एकमेकांवर घासू नयेत म्हणून. ही पिशवी खांद्याच्या हाडाखालीच संपत नाही, ती हाडाच्या कडेपासून खाली तीन ते सहा सेंटिमीटरपर्यंत पसरलेली असू शकते, आणि बारीक माणसात त्वचेपासून तिची खोली एक सेंटिमीटरच्या आसपास. आपल्याकडे केंद्रावर वापरतात त्या सिरिंजची सुई एक इंचाची, म्हणजे २५ मिलीमीटर. ४७ किलोची बाई, दोन सेंटिमीटरवर टोचलेली जागा, आणि २५ मिलीमीटर सुई. लसीचं अर्धा मिली औषध स्नायूत जायच्या ऐवजी त्या बंद पिशवीत किंवा सांध्याच्या आवरणाजवळ गेलं, तर लस ज्या कामासाठी बनवलीये तेच काम ती तिथे करते, शरीराला जागं करते, सूज आणते. स्नायूत ती सूज दोन दिवसात विरते. बर्सात तिला जायला वाट नसते.

मावशींना मी हे अस्तराचं उदाहरण देऊन सांगायला लागले की कापड आणि अंग यांच्यामधे अस्तर असतं तसं. त्यांनी मधेच थांबवलं. "म्हणजे अस्तर भिजलं आणि चिकटलं." हो, तेच.

यानंतर तपासणी. पहिल्यांदा मला नस दुखावली नाही ना हे बघायचं होतं, कारण सुई खूप खाली किंवा मागच्या बाजूला गेली तर नसेला लागू शकते, तेव्हा टोचतानाच विजेचा झटका बसल्यासारखी कळ खाली जाते, नंतर बधिरपणा, ताकद कमी. मावशींना झटका बसला नव्हता. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला कापूस फिरवला, दोन्हीकडे सारखाच कळत होता. कोपर, मनगट, बोटं यांची ताकद ठीक. मुंग्या नाहीत. मान सगळीकडे वळवून, दाबून बघितली, हातात कळ उतरली नाही. आणखी एक आजार डोक्यात होता, लसीनंतर किंवा एखाद्या इन्फेक्शननंतर क्वचित हाताच्या नसांच्या जाळ्याला सूज येते, त्यात आधी असह्य दुखतं आणि दुखणं उतरलं की ताकद जाते, स्नायू वाळत जातो. तसं काही दिसलं नाही, डेल्टॉइड दोन्हीकडे जवळपास सारखा, डावा जरासा उतरलेला, न वापरल्यामुळे. ताप नाही, लाली नाही, गरमपणा नाही. हे बघणं फार गरजेचं आहे, कारण शुगरच्या पेशंटमधे सांध्यात पू झाला असेल तर तिथे व्यायामाचं नावसुद्धा काढायचं नसतं, त्याच दिवशी हॉस्पिटल.

मग मापं. हात समोरून वर ९५ अंश, उजवा १७०. बाजूने वर ७०. कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळवायला सांगितला तर १५ अंशाला कुलूप लागल्यासारखा अडकला, मी स्वतः ढकलून बघितला तरी तिथेच. पाठीमागे हात नेला तर अंगठा जेमतेम कुल्ल्यापर्यंत, उजवा पाठीच्या पात्याच्या खालच्या टोकाला पोचत होता. रात्रीचं दुखणं दहापैकी आठ.

हात बाजूने वर उचलताना एक गोष्ट मी त्यांना आरशात दाखवली. हात वर जात नव्हता, त्याच्याऐवजी अख्खा खांदा कानाकडे उचलला जात होता, मागचं पातं पण सोबत. मावशी आरशात बघत राहिल्या. परत एकदा हात उचलला, परत बघितला. मग म्हणाल्या, "मुंढा आखूड झालाय."

ज्यांनी कधी ब्लाऊज शिवून घेतलं नसेल त्यांच्यासाठी, मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात तो काखेभोवतीचा घेर. मुंढा कमी कापला गेला की बाई हात वर करते आणि बाहीबरोबर अख्खं ब्लाऊज वर ओढलं जातं. खांद्याच्या सांध्याभोवती जे आवरण असतं त्याचा काखेकडचा भाग सैल असतो, दुमडीसारखा, हात वर गेला की ती दुमड उलगडते. सूज बरेच दिवस राहिली आणि हात हलला नाही की ती दुमड आक्रसते, आणि मग हात उचलला की पातं पण ओढलं जातं. मी कॉलेजमधे हे वाचलं, पुढे शंभरएक खांद्यांवर बघितलं, पण इतक्या कमी शब्दात मला कधी सांगता आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक बाई पेशंटला फ्रोझन शोल्डर, म्हणजे असा आखडलेला खांदा, असंच समजावते.

तर माझा अंदाज असा होता: सुई वर लागली, बर्साला सूज आली, दुखतं म्हणून हात झोळीत गेला, त्यात शुगर, त्यात वय पन्नाशीचं, आणि सांधा आखडला. फ्रोझन शोल्डर शुगरवाल्यांना इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतो, चाळीस ते साठच्या बायकांना तर जास्तच, म्हणून प्रामाणिकपणे हेही म्हणायला पाहिजे की लस नसती घेतली तरी त्यांना कधीतरी तो झाला असता ही शक्यता उरते. पण मग त्याच खांद्याला, त्याच संध्याकाळी कसा? आधी तो खांदा कधी दुखला नव्हता, दुसरा खांदा ठणठणीत, मान ठीक. अमेरिकेत या प्रकाराला नाव आहे, शोल्डर इंज्युरी रिलेटेड टू व्हॅक्सिन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, लघुरूप सिर्वा. २००७ मधे दोन पेशंटची नोंद छापून आली, २०१० मधे तेरा पेशंटचा अभ्यास आला त्यात हे नाव पडलं, आणि २०१७ मधे तिथल्या सरकारने लसीच्या नुकसानभरपाईच्या तक्त्यात ते घातलं. तिथले निकष साधारण असे की आधी त्या खांद्याचा त्रास नसावा, दुखणं ४८ तासांच्या आत सुरू व्हावं, दुखणं आणि आखडणं सुई दिलेल्या खांद्यापुरतंच असावं, आणि दुसरं काही कारण सापडू नये. मावशी प्रत्येकात बसत होत्या. नावातच बघा, दोष टोचण्याच्या पद्धतीकडे जातो. त्या तेरा पेशंटना सगळ्यांना एकच लस दिलेली नव्हती. फ्लूची, धनुर्वाताची, कुठलीही सुई चुकीच्या जागी गेली की हे होऊ शकतं.

मी त्याच दिवशी त्यांना ऑर्थोपेडिक सरांकडे पाठवलं. एक्स-रे नॉर्मल आला, तो येणारच, हाडाला काही झालेलंच नव्हतं. इथे बरेच लोक फसतात, एक्स-रे नॉर्मल म्हणजे मनाचे खेळ असं घरच्यांना वाटायला लागतं, यांच्या मालकांनी तसं बोलूनही दाखवलं होतं. सरांनी सोनोग्राफी करायला लावली. त्यात बर्सात पाणी, बर्साचं आवरण जाड, वरच्या स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, सुजलेला पण फाटलेला नाही. रक्तात इन्फेक्शनचं काही नाही. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) मात्र ८.६ टक्के. रिपोर्ट घेऊन मावशी परत आल्या तेव्हा आजार केवढा आहे यापेक्षा कागदावर काहीतरी आलंय याचंच त्यांना बरं वाटत होतं. रिपोर्टची घडी त्यांनी पर्समधे नाही, ब्लाऊजमधे ठेवली होती. "आता ह्यांना दाखवते."

पहिले दोन आठवडे मी ताणलं अजिबात नाही. रात्री झोप नसलेला खांदा जबरदस्तीने ताणला की तो आणखी चिडतो, त्या चोळणाऱ्या माणसाने नेमकं तेच केलं होतं. झोळी काढायला लावली. झोपताना डाव्या कोपराखाली घडी केलेली गोधडी, म्हणजे हात मागे लोंबकळत नाही. टेबलावर उजवा हात टेकून वाकायचं आणि डावा हात विहिरीतल्या पोहऱ्यासारखा सोडून द्यायचा, शरीर हलवून तो हलला पाहिजे, स्वतः हलवायचा नाही. दिवसातून पाच वेळा, दोन दोन मिनिटं. मशीनवर बसायला परवानगी दिली पण अर्धा तास, कारण डाव्या हाताने कापड सरकवायचं काम कंबरेच्या उंचीला होतं, ते खांद्याला चालतं. भाकरी थापायला पण हरकत नव्हती. काठवट वरच्या फळीवरून काढायची मात्र सुनेने.

दुखणं आठावरून सहावर आलं आणि तिथे अडकलं. सर म्हणाले स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ, सोनोग्राफीत बघून, थोडं बर्सात थोडं सांध्यात. मावशींचा चेहरा पांढरा पडला. सुईने झालेलं दुखणं सुईनेच बरं करायचं हे त्यांना पटेना आणि मला त्यात काही चूक वाटत नाही, त्यांच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं. एक अख्खं सेशन आम्ही फक्त बोललो. मी सांगितलं की त्या दिवशी सुई अंदाजाने गेली, आता स्क्रीनवर दिसत दिसत जाणार आहे, तुम्हाला पण स्क्रीन दिसेल. आणि हेही सांगितलं की शुगर चार-सहा दिवस चढेल, ते लपवलं नाही. २४ जूनला इंजेक्शन झालं. उपाशीपोटीची शुगर २४० पर्यंत गेली, जेवणानंतर एकदा ३१०, फॅमिली डॉक्टरांनी आठवडाभर गोळ्या वाढवून दिल्या, मी रोज सकाळी फोन करून आकडा लिहून घेत होते, सातव्या दिवशी खाली आली. पण तिसऱ्याच रात्री मावशी सलग पाच तास झोपल्या. एप्रिलनंतर पहिल्यांदा. सकाळी साडेसहाला मला फोन, "मॅडम झोपले."

स्टेरॉइडने सांधा सुटत नाही, दुखणं कमी होतं आणि त्या वेळात आपल्याला सांधा सोडवता येतो, ही संधी हातची घालवायची नसते. जुलैपासून खरा व्यायाम. झोपून काठीने डावा हात बाहेर वळवायचा, भिंतीवर बोटांनी चढायचं आणि जिथे पोचलं तिथे खडूने रेघ मारायची. मावशींनी खडू शिवणाचाच वापरला, मापं घ्यायची सवय असल्यामुळे प्रत्येक रेघेला तारीख घातली. त्यांच्या पुढच्या खोलीच्या भिंतीवर त्या रेघा मी नंतर बघितल्या, काही दिवस तीन तीन रेघा एकमेकींवर, मग एकदम दोन बोटं वर.

आता दुसरा डोस. ही माझ्या मते या केसमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, खांद्यापेक्षाही. पहिल्या डोसच्या वेळी सांगितलं होतं सहा ते आठ आठवडे, मग १३ मेला अंतर बारा ते सोळा आठवडे झालं, म्हणजे मावशींची मुदत २८ जून ते २६ जुलै. त्यांनी नाही म्हणून सांगितलं होतं. एवढंच नाही, त्यांचं बघून मालकांनी, वय ६१, ब्लड प्रेशर, पहिलाच डोस घेतला नव्हता, आणि गल्लीतल्या निदान पाच-सहा बायकांनी, कारण ब्लाऊज टाकायला येणारी प्रत्येक बाई तो झोळीतला हात बघून जात होती. एप्रिल-मे मधे आमच्या भागात किती माणसं गेली ते सगळ्यांनी बघितलंय. एका चुकीच्या जागी लागलेल्या सुईने एवढ्या लोकांना लसीपासून लांब ठेवलं होतं, आणि त्या बायका अडाणी होत्या म्हणून नव्हे, त्यांनी डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवला होता. फोनवर दोनदा "होतं असं" ऐकवण्याऐवजी कोणी एकदा म्हटलं असतं की मावशी या, खांदा दाखवा, तर ती गल्ली वेगळी वागली असती असं मला आजही वाटतं.

मी मावशींना लस घ्याच असं पहिल्या दिवशी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्या परत आल्या नसत्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात हात १२० पर्यंत आला होता, तेव्हा त्यांनीच विषय काढला, "उजव्या हाताला असं झालं तर कात्री कशी धरू?" मग मी सुई कुठे लागली पाहिजे ते त्यांच्याच उजव्या दंडावर पेनाने काढून दाखवलं. खांद्याच्या टोकाचं हाड चाचपायचं, त्याच्या खाली आडवी दोन ते तीन बोटं सोडायची, काखेची रेघ येते त्याच्या वर राहायचं, दंडाच्या बरोबर मधे, आणि तिथे सरळ काटकोनात सुई. अख्खा दंड खांद्यापर्यंत उघडा पाहिजे. देणारा आणि घेणारा दोघंही बसलेले पाहिजेत. हात ढिला सोडून मांडीवर. मांडीत पण लस घेता येते, तो पर्याय मी ठेवला, पण त्या म्हणाल्या दंडातच घेते, जागा मला कळलीये.

सरांनी स्टेरॉइडनंतर दोन-तीन आठवडे जाऊ द्या म्हटलं होतं, म्हणून १५ जुलै ठरली. आदल्या रात्री मावशींनी जुन्या ब्लाऊजची उजवी बाही खालपासून खांद्याच्या शिवणीपर्यंत उसवली, कडा दुमडून घेतल्या आणि चार हुक लावले. मी सोबत गेले. गर्दी होतीच. सिस्टर सकाळपासून उभ्या होत्या, दोनशेच्या वर डोस झाले होते, पाय सुजलेले दिसत होते, आणि त्यांना उभं राहायची हौस नव्हती, त्यांना खुर्चीच दिलेली नव्हती. मी वेटिंगमधली एक खुर्ची उचलून आणली आणि म्हटलं सिस्टर, दोन मिनिटं बसून द्या, यांचा आधीचा खांदा आखडलाय, वजन कमी आहे. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मावशींच्या हुक लावलेल्या बाहीकडे, आणि बसल्या. हाड चाचपलं, बोटं मोजली. मावशी खाली मान घालून ती बोटंच बघत होत्या. झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, अशी बाही सगळ्यांनी शिवून आणली तर किती बरं होईल. दुसऱ्या दिवशी हात दुखला, स्नायूत, दंडाच्या मधे. तिसऱ्या दिवशी थांबला.

ऑगस्टमधे मालकांनी पहिला डोस घेतला, हाफ शर्ट घालून. गल्लीतल्या बायकांचं मला मोजून माहीत नाही, पण हुकवाल्या बाहीचं ब्लाऊज चार-पाच जणींनी उसनं नेलं एवढं मावशींनी सांगितलं.

नोंदीबद्दल थोडं. लसीनंतर झालेला कुठलाही त्रास आपल्याकडे एईएफआय म्हणून नोंदवता येतो, आणि त्याची कारणं ज्या गटात विभागतात त्यात लस देण्यातली चूक हा स्वतंत्र गट आहे. म्हणजे यंत्रणेने हे मान्य केलेलंच आहे की लस चांगली असून टोचण्यात चूक होऊ शकते. सरांनी जूनमधेच फॉर्म भरून तालुक्याला दिला. एक फोन आला, माहिती विचारली, पुढे काय ठरलं ते मावशींना कोणी कळवलं नाही, याचं मला वाईट वाटतं, भरपाईसाठी नाही पण ज्या केंद्रावर हे झालं तिथे निदान दोन खुर्च्या आणि एक पडदा तरी आला असता. औषध किंवा लसीचा त्रास नोंदवायला १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर पण आहे, पेशंट स्वतः फोन करू शकतो. करा. नोंद झाली नाही तर वर कागदावर सगळं ठीकच दिसतं.

आणि ज्यांचा हात आत्ता दुखतोय त्यांच्यासाठी, घाबरू नका, बहुतेकांचं दोन-चार दिवसात जातं. पण आठवडा होऊन गेला, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, किंवा केस विंचरायला हात डोक्यापर्यंत जात नाही, तर "होतं असं" ऐकून घरी बसू नका, दाखवा. बधिरपणा, ताकद गेल्यासारखं वाटणं किंवा ताप आणि लाली असेल तर आठवडाही थांबायचं नाही. झोळी बांधू नका. चोळून घेऊ नका. मावशी पहिल्या दोन आठवड्यात आल्या असत्या तर माझ्या मते सांधा एवढा आखडलाच नसता, सूज उतरवून काम झालं असतं.

मावशींची पुढची मापं: सप्टेंबरमधे समोरून १४५, बाहेर वळवायला ४०. डिसेंबरमधे १६५ आणि ६५. तीन महिन्यांची शुगर ७.४, ही रोज आकडे लिहायच्या सवयीने झाली असं त्यांचं म्हणणं. शेवटचं सेशन १८ डिसेंबरला झालं. त्या दिवशी अंबाडा घालून, गजरा माळून आल्या होत्या. पाठीमागे डावा अंगठा अजून उजव्यापेक्षा चार बोटं खाली राहतो आणि थंडीत सकाळी खांदा जड वाटतो, ते राहिलंय. २०२२ च्या पावसाळ्यात मशीनची सुई नखातून आरपार गेली म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला गेल्या, एकट्याच, हुकवाली बाही घालून, आणि तिथल्या कंपाउंडरला म्हणाल्या, आधी बस.